जहाजाचं झाकण आणि आमचं अंगण

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चिडतोय. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या गाडीचे लाइट आपोआप लागतात... अहो, लाइट लागले तर आधी वायरिंग बघा ना! माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही. भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातांवर घडली आहे, कोणाच्या सांगण्यावरून नाही, आणि ती मला आजवर सोडवता आलेली नाही. म्हणून लिहितोय.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णी तालुक्यातला. गावाचं नाव देत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. कारण या गोष्टीचा एका व्यक्तीला आधीच पुरेसा त्रास झाला आहे.

त्या काळात मी आमच्या भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रेसचा मेंटेनन्स बघायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – शेतकऱ्याचा कापूस येतो, त्यातली सरकी काढली जाते आणि उरलेली रुई लोखंडी पेटीत भरून हायड्रॉलिक प्रेसने दाबतात. मग तिची गाठ होते. हायड्रॉलिक म्हणजे काही जादू नाही. ट्रकचं चाक बदलताना जो जॅक लावतात त्याचाच हा मोठा भाऊ. तेलावर दाब दिला की ते सिलिंडरमधला दांडा ढकलतं, आणि दांडा वजन उचलतो. तेल गळलं की वजन हळूहळू खाली बसतं. पाइप फुटला की धाडकन येतं. बस, एवढंच शास्त्र.

एका हंगामात आमच्याकडच्या कामगारांनी बोंब उठवली की प्रेस श्वास घेते. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना म्हणे ती आपोआप थोडी खाली येते आणि उसासा टाकते. झालं! दुसऱ्या दिवशी पंपावर लिंबू-मिरची आणि नारळ. मी व्हॉल्व्ह खोलला. आत बारीक कचरा अडकला होता, त्यातून तेल मागे जात होतं. साफ केला, उसासा बंद. ती लिंबं मी सर्वांसमोर शरबतात पिळायला लावली. तर असा मी माणूस.

माझा लहान भाऊ गजानन – गजा – आयटीआय फिटर. तो माझ्याच हाताखाली प्रेसवर शिकला. मी त्याला इतर काही शिकवलं असेल-नसेल, पण एक नियम मारून मुटकून डोक्यात घातला होता. तेलाच्या भरवशावर कोणी खाली जायचं नाही. पंप बंद असो, किल्ली खिशात असो, आधी लोखंडी टेकू लावायचा आणि मगच माणसाने अंग आत घालायचं. तेल कधी दगा देईल ते तेलालाही माहीत नसतं, असं मी त्याला म्हणायचो आणि तो हसायचा.

पण ती वर्षं कापसाची फार वाईट होती. अळीने पीक खाल्लं, जे वाचलं त्याला भाव नाही. पूर्ण हंगाम धडधडणारी आमची जिनिंग महिना-दीड महिन्यात थंड पडायला लागली. घरोघरी समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव चढेल या आशेवर. आमच्याही घरी तसाच होता. माणसं त्याच्या कडेकडेने झोपायची आणि रात्रभर अंग खाजवायची. अशात गजाच्या आयटीआयच्या एका मित्राने त्याला मार्ग दाखवला. मुंबईला जाऊन थोडे कोर्स केले आणि आमचा गजा मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला. ज्याने बेंबळा धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो! मायचा पहिला प्रश्न होता, "तिथं प्याचं पाणी तरी भेटते का रे?"

जहाजावर हायड्रॉलिक म्हणजे सगळीकडेच. क्रेन, नांगराची चक्री, आणि मुख्य म्हणजे माल ठेवायच्या पोटांवरची प्रचंड लोखंडी झाकणं. फोनवर तो मला हे सगळं उत्साहाने सांगायचा. दोन पल्ल्यांचं झाकण पुस्तकासारखं दुमडून उभं राहतं, सिलिंडर त्याला उचलतो, पूर्ण उघडलं की जाड खिट्ट्या घालून अडकवतात. तो त्याला 'हॅच कव्हर' म्हणायचा. आमचं बोलणं सगळं होजची, म्हणजे तेलाच्या रबरी पाइपची तारीख, तेलातलं पाणी, पॅकिंग असलंच. बायकोला मात्र तो एवढंच सांगायचा – काम बरं हाय, जेवण बरं हाय.

त्याची बायको ज्योती. माहेर नेरकडचं. लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आता इथे एक गोष्ट बाहेरच्या वाचकांना सांगावी लागेल. आमच्याकडे नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. लहान भावाची बायको भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही. स्पर्श तर लांबच. काही सांगायचं असेल तर मध्ये सासूला घालायचं – "माय, त्याइले म्हणा जेवण वाढलं." मी तिथेच दोन हातांवर बसलेलो असायचो! मला हे सगळं फालतू वाटायचं, पण मायपुढे कोणाचं चालतं? आणि खरं सांगायचं तर मीही ते पाळत होतो. अंगवळणी पडलं होतं.

तर तो दिवस. थंडी संपत आली होती. जिनिंगला कापूस नाही म्हणून मी घरी. माझी बायको बायांना घेऊन वावरात शेवटच्या वेचणीला गेली होती. दुपारचं चांगलं ऊन. मी ओट्यावर बसून फवारणीचा पंप खोलून बसलो होतो. माय तूर पाखडत होती. ज्योती अंगणातल्या तारेवर गोधड्या वाळत घालत होती. इतकं साधं दृश्य.

माझी पाठ तिच्याकडे होती. धप्पकन ओली गोधडी खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. थोड्या वेळाने मायचा आवाज.

"काय झालं वं? उभी काहून हायस अशी?"

"माय... हात खाली येऊन नाही राह्यले."

मी मान वळवली. ज्योती तारेपासून दोन पावलं अलीकडे उभी होती. दोन्ही हात डोक्याच्या वर, तळवे आभाळाकडे. घमेलं डोक्यावर घेताना बाया जसे हात करतात ना, अगदी तसे. पण घमेलं नाही, गोधडी नाही, काहीच नाही. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता आणि तो सावरायला हात मोकळा नाही. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती बिचारी लाजेने अर्धी झाली.

"माय, त्याइले बाहीर जाले सांगा ना..."

मी पंप तसाच टाकून फाटकाबाहेर रस्त्यावर गेलो. आज मला स्वतःचं हसूही येतं आणि रागही येतो. पण तेव्हा तेच सुचलं. वाटलं, लचक भरली असेल, माय तेल लावून देईल. बाहेर उभा राहून मी आतलं त्या दोघींचं बोलणं ऐकत होतो (आमच्याकडे बायाही 'ओढतो', 'पडतो' असंच म्हणतात).

"ढिले सोड हात. थांब, मी ओढतो खाली."

"नका ओढू! नका ओढू माय, पाया पडतो तुमच्या!"

"अवं पण काय धरलं तू? काहीच त नाही हातात!"

"लय जड हाय... झाकण येऊन राह्यलं खाली. माणूस हाय खाली!"

झाकण. हा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. आमच्या घरात झाकण म्हणजे दुधाच्या गंजावरचं, पातेल्यावरचं. विहिरीवरही झाकण नव्हतं. मग मायने माझ्या नावाने हाक मारली. तशी हाक तिने बाप गेला त्या दिवशी मारली होती.

मी आत पळालो.

आता जे पाहिलं ते नीट सांगतो, कारण याच गोष्टीसाठी माझी बुद्धी मला अजून खाते. दमलेल्या माणसाचे हात थरथरतात, एक आधी पडतो, मग दुसरा. ज्योतीचे हात थरथरत नव्हते. दोन्ही हात सारख्या वेगाने, अगदी संथपणे, न थांबता खाली येत होते. मी आयुष्यभर ही चाल पाहत आलो आहे. सिलिंडरमधून तेल चाललं की वजन असंच उतरतं. तिच्या मानेच्या शिरा तटतटून आल्या होत्या. आणि तिच्या टाचा... आमचं अंगण सारवून सारवून सिमेंटसारखं कडक झालेलं, त्यात तिच्या टाचा रुतल्या होत्या. किती वजनाची होती ती पोरगी? वाऱ्याने उडेल अशी!

माय तिच्या कोपरांना खालून आधार देत होती, पण माय बुटकी, तिचे हात पुरत नव्हते. मी समोर जाऊन उभा राहिलो. हात पुढे केले आणि थांबलो. होय, तेव्हाही थांबलो. भासऱ्याचे हात ते.

ज्योतीने माझ्याकडे सरळ पाहिलं. लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदा. आणि मध्ये मायला न घालता ओरडली –

"दादा, धरा!"

मी माझे तळवे तिच्या तळहातांखाली लावले.

वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा असं माझं म्हणणं नाही. मीसुद्धा ठेवला नसता. पण माझ्या हातांवर वजन आलं. पोरीच्या हातांचं वजन नव्हे ते. मी प्रेसची लोखंडी पाटी चार माणसांबरोबर उचललेली आहे, कापसाच्या गाठी ढकललेल्या आहेत. हे त्याच जातीचं वजन होतं – थंड, आडमुठं, त्याला कोणाशी देणंघेणं नसलेलं. माझी कोपरं वाकली. कमरेत कळ आली. नाकात गरम हायड्रॉलिक तेलाचा वास भरला, पण त्याचं मी काही म्हणत नाही, माझ्या कपड्यांना तो कायमच असायचा. डोक्यात एकच विचार होता, की हे या पोरीने इतका वेळ एकटीने कसं धरलं?

दोघांच्या जोराने ते खाली यायचं थांबलं. पण मी ताण ओळखतो. जास्त वेळ निभणारं नव्हतं.

"वर..." ज्योती म्हणाली. डोळे मिटलेले. "अटकला हाय. थोडंसं वर..."

मी गुडघ्यात वाकलो आणि जीव खाऊन वर रेटलं. तिनेही रेटलं. ते हाललं. एक बोटभर, जास्त नाही. माझ्या पाठीत काहीतरी कटकन वाजलं. माय तोंडावर हात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग एकदम काहीच उरलं नाही. वजन गेलं. आमचे हात वर उडाले आणि आम्ही दोघं तोल जाऊन मागे पडलो, मी तुरीच्या सुपात आणि ती ओल्या गोधडीवर.

ज्योती उठून बसली. आधी डोक्यावर पदर घेतला – म्हणजे घ्यायला गेली, पण हात खांद्याच्या वर जाईचना, तर मायने घेऊन दिला. आणि मग ती मायकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "निघाला."

बस. त्यानंतर ती खोलीत जाऊन झोपली.

मी अंगणात बसून राहिलो. टाचांचे खड्डे बोटाने चाचपून पाहिले. तिचे होते आणि तिच्यासमोर माझेही होते. मायने संध्याकाळी शेण-मातीने ते लिंपून टाकले. मी म्हटलं, काहून लिंपतं, राहू दे. तर म्हणाली, "दिवा लावाच्या वख्ती अंगणात खड्डे नाही ठेवत." एवढा एक पुरावा होता, तोही गेला.

दिवेलागणीनंतर माझा मोबाइल वाजला. गजाचा फोन. जहाज आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात होतं आणि बंदरावर तो तिथलं कार्ड घेऊन फोन करायचा. आवाज बारीक.

"दादा, सहजच केला. समदे बरे हाय ना?"

मी सरळ विचारलं. "गजा, झाकण पडलं का रे?"



"तुले कोणी सांगतलं?" तो म्हणाला. "अजून ऑफिसले बी कळवलं नाही कॅप्टननं... दादा? कोणी सांगतलं तुले?"

माझ्या हातातून फोन मायने घेतला, म्हणून मी वाचलो.

त्याच्या बरगड्यांना मार लागला होता, जीव वाचला होता. महिन्याभराने कंपनीने त्याला घरी पाठवलं आणि तेव्हा पूर्ण हकिगत कळली. गव्हाचा माल उतरवायचा होता. पावसाचं वातावरण, म्हणून अधिकाऱ्याने झाकण अर्धंच उघडून ठेवायला सांगितलं, म्हणजे पाऊस आला की चटकन बंद करता येईल. आता गंमत अशी की खिट्ट्यांची भोकं जुळतात ती झाकण पूर्ण उघडल्यावरच. अर्ध्यावर खिट्टी बसतच नाही. खालच्या काठावरच्या पन्हाळीत गव्हाचा गोळा आणि चिंध्या अडकल्या होत्या. गजा काठावर पोट टेकून आत वाकला, हाताने काढायला. एका मिनिटाचं काम म्हणून.

"मी तुले काय शिकवलं होतं?" मी ओरडलोच.

"माहीत हाय ना बा. टेकू आणाले माणूस पाठवलताच. तेवढ्यात हे समोर दिसलं..."

तेवढ्यात होज फुटला. तेलाचा फवारा उडाला आणि झाकण आलं. त्याच्या पाठीला लागलं आणि थांबलं. मग पुन्हा हळूहळू दाबू लागलं. श्वास घेता येईना. वरची माणसं त्याचे पाय ओढत होती, पण कपड्याचा पट्टा आणि छाती दोन्ही अडकलेले. बरगडी मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

"मंग दादा, ते वर गेलं. येवढंसं." त्याने बोट आडवं धरून दाखवलं. "आणि त्याइनं मले ओढून काढलं. माहे पाय डेकवर टेकते न टेकते तं धाडकन... आख्खं जहाज हाललं."

मी माझी मेंटेनन्सवाल्याची बुद्धी पूर्ण पणाला लावली. कागदावर आकृती काढून बसलो. त्या सिलिंडरच्या तोंडाशीच एक सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो; होज फुटला तर तो आपोआप बंद होतो आणि वजन तिथल्या तिथे अडकून राहतं. म्हणजे थांबण्याचं कारण मिळालं! मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. मग गजा म्हणाला की चौकशीत तो व्हॉल्व्ह खोलला होता. गंजून उघडाच अडकलेला, कित्येक दिवसांपासून. म्हणजे त्याने काहीच अडवलं नव्हतं. बरं, तोही सोडा. समजा चौकशीवाले चुकले आणि व्हॉल्व्ह चांगला होता. व्हॉल्व्ह वजन थांबवू शकतो. वजन वर उचलू शकत नाही. त्यासाठी पंप लागतो आणि तेल लागतं. पंप बंद होता आणि तेल सगळं डेकवर सांडलं होतं. वेळही आम्ही दोन्हीकडची जुळवून पाहिली. जुळली.

ज्योतीला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं. फोटोत हाड शाबूत. खांद्यातले स्नायू फाटल्यासारखे झालेत, म्हणाले. त्यांनी मला बाजूला घेऊन रागाने विचारलं, "बाईकडून कापसाच्या गाठी उचलून घेता काय हो तुम्ही?" तिचे हात पुढेही कधी खांद्याच्या वर पूर्ण गेले नाहीत. केस विंचरून द्यायला माझी बायको लागायची. माझी कमर तेव्हापासून गेली ती गेलीच.

गोष्ट मायच्या तोंडून गावात गेली. मग काय! पतिव्रता म्हणून बाया ओटी भरायला यायला लागल्या. कोणी पाया पडतंय, कोणी लेकराला तिच्या हाताखालून काढून नेतंय. एक जण तर म्हणाला की मंदिर बांधू. मी त्याला फाटकाबाहेर घालवलं. ज्योती त्या बायांसमोर कधी बसायचीच नाही. मागच्या दाराने वावरात निघून जायची. मला वाटायचं लाजते आहे.

पुढच्या वर्षी आमची जिनिंग कायमची बंद झाली. गजाला पुन्हा जहाजाचं बोलावणं आलं. जावं की नाही यावरून घरात तणतण. माय म्हणे नाही. गजा म्हणे खायचं काय? आणि सगळे ज्योतीच्या तोंडाकडे बघत होते, की जशी काही हमी तीच देणार आहे. शेवटी मायने सगळ्यांसमोर म्हटलंच – "जाऊ दे वं, तू हायस ना इथं."

ज्योती उठून अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. त्या दिवसानंतर पदर आणि अंतर पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं होतं, पण मी ते मोडलं. म्हटलं, "ज्योती, मी तुले एकच इचारतो. तुले कसं समजलं गजा हाय म्हणून?"

ती माझ्याकडे न बघता, तारेकडे बघत, पण मलाच म्हणाली –

"मले नाही समजलं दादा. खाली हे हायत हे मले मालूमच नव्हतं. कोणी तरी हाय, त्याचा दम कोंडून राह्यला, येवढंच समजत होतं. लोक म्हणतात नवऱ्यासाठी धरलं. कोणाचंही पोट्टं असतं तरी मी धरलं असतं."

"मंग माय ओढत होती तं येवढी काहून ओरडली? सोडलं तं मरते, हे कसं माहीत?"

"आधी एकदा झालतं ना," ती म्हणाली.

तीच पुढे बोलत राहिली.

"नेरले. मी लहान होती. असेच हात वर गेलते, असंच जड. मी रडाले लागली. आत्यानं पाहिलं, नाटकं करते म्हणून दोन्ही हात धरून खाली ओढले. आले खाली. मंग जड बी नाही वाटलं, काहीच नाही. मी खेळाले गेली."

तिने पदर सारखा केला. हात जेवढा जात होता तेवढा.

"तवापासून मी लोकाइले इचारत असतो दादा. नेरमधी, अमरावतीले, कुठंबी. त्या टायमाले कोणाच्या घरचं कोणी दबून गेलतं का म्हणून. कोणीच सांगत नाही."

गजा त्या वेळी जहाजावर गेला नाही. यवतमाळला एका गॅरेजमध्ये लागला, आजही तिथेच आहे आणि बरा आहे. मी हे सगळं कितीतरी जाणत्या लोकांना विचारलं. इंजिनिअरला विचारलं, डॉक्टरला विचारलं, एका महाराजांनाही विचारून पाहिलं आणि त्यांच्याशी भांडून आलो. स्पष्टीकरण कोणाकडेच नाही, माझ्याकडे तर नाहीच. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. फक्त पातिव्रत्याची गोष्ट मला सांगू नका.

ज्योती अजूनही विचारत असते. बसमध्ये शेजारी नवीन बाई बसली की दहा मिनिटांत तिचा तो प्रश्न येतो, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागतो.